फोनला न ओळखता आलेली माशी आणि योहान मायगेन

आजचा लेख नव्या फोनबद्दल नाही, पण सुरुवात मात्र फोनपासूनच होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या होत्या. तुम्हीही पाहिल्या असतील. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. त्यातल्या दोन मी उचलून दोन बरण्यांत ठेवल्या, तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि रोज कोवळी पानं टाकत राहिलो. कोषातून फुलपाखरू बाहेर येतानाचा टाइम-लॅप्स शूट करायचा होता. फोन स्टँडवर लावला, चार्जर जोडला, मागं काळा कागद लावला. सगळी तयारी झाली.

एक कोष मात्र दिवसेंदिवस काळपट पडत गेला. एका सकाळी बघतो तर त्याला भोक पडलेलं आणि बरणीच्या तळाशी औषधाच्या कॅप्सूलसारखं काहीतरी तपकिरी पडलेलं. फेकून देणार होतो, पण राहू दिलं. दहा-बारा दिवसांनी त्यातून माशी निघाली! करड्या रंगाची, पाठीवर काळे पट्टे, अंगभर राठ केस. माझं फुलपाखरू आतल्या आत खाऊन बाहेर पडलेली माशी.

लगेच फोटो काढला आणि ओळख सांगणाऱ्या एका ॲपला दिला. उत्तर आलं, टॅकिनिडी कुळातली माशी. बस. कुळाच्या पुढं काही सांगायलाच तयार नाही. जरा वेगळ्या कोनातून दुसरा फोटो दिला तर घरमाशी म्हणालं. जो फोन अंधारातही माझा चेहरा ओळखून लॉक उघडतो, त्याला समोर बसलेली माशी ओळखता येऊ नये? मला रागच आला. मग कारण शोधायला बसलो आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मास्तरापर्यंत जाऊन पोचलो. त्याचं नाव योहान विल्हेल्म मायगेन.

पण आधी माशीचं बघू

टॅकिनिडी हे माश्यांचं प्रचंड मोठं कुळ आहे. जगभरात यांच्या साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदवल्या गेल्यात. प्रौढ माशी साधी दिसते, फुलांवर बसून मध पिते. खरा प्रकार तिच्या पिल्लांचा. काही जाती अळीच्या अंगावर थेट अंडं चिकटवतात. काही पानांवर इतकी बारीक अंडी घालतात की अळी पान खाताना ती गिळूनच टाकते. अंडं फुटलं की माशीची अळी यजमानाच्या शरीरात वाढते आणि श्वास घेण्यासाठी त्याच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला भोक पाडून तिथं चिकटून राहते. यजमान बऱ्याचदा शेवटपर्यंत जिवंत असतो, खातो-पितो, कधीकधी कोषही करतो. म्हणूनच मला काही कळलं नाही. बरणीतली अळी रोज पानं खात होती, आणि तिच्यातली दुसरी अळी तिला.

वाचायला हे क्रूर वाटेल, पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातल्या कितीतरी माश्या मित्र आहेत, कारण पिकावरच्या अळ्या त्या मारतात. उलट काही माश्या पोटावर पाय देतात. आपल्याकडे जालना-बीडकडच्या रेशीम शेतकऱ्याला विचारा, उझी माशी म्हणजे काय ते. ती रेशीम किड्याच्या अंगावर अंडं घालते, आत शिरलेल्या अळीच्या जागी काळा डाग पडतो आणि मग कोष वाया जातो. १९८० मध्ये ही माशी पश्चिम बंगालमधून कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीम उद्योगाचं मोठं नुकसान झालं. संगोपनगृहाला बारीक जाळी लावायची ती हिच्यासाठीच. हिचं शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. त्यातलं पहिलं नाव, एक्झोरिस्टा, १८०३ मध्ये मायगेननं दिलेलं आहे. माझ्या माशीच्या कुळाला ज्यावरून नाव मिळालं तो टॅकिना गणही त्याचाच, आणि सालही तेच.

कोण होता हा मायगेन?

३ मे १७६४ रोजी झोलिंगन गावात त्याचा जन्म झाला. सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव आजच्या जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात आहे. आठ भावंडांतला तो पाचवा. घरची शेती कर्जात गेली आणि कुटुंब पुन्हा झोलिंगनला आलं. शाळेत तो फार थोडे दिवस गेला. मग शिकला कसा? घरात एक जमीन मोजणारा सरकारी माणूस भाड्यानं राहत होता, त्यानं गणित शिकवलं. ओळखीतल्या एका चर्चच्या ऑर्गनवादकानं पियानो, सुंदर अक्षर आणि फ्रेंच शिकवलं. बाकीचं त्यानं मिळतील ती पुस्तकं वाचून मिळवलं. आजच्या भाषेत म्हणायचं तर यूट्यूबवर शिकलेला मुलगा, फक्त यूट्यूबच्या जागी शेजारीपाजारी होते.

विद्यापीठात तो कधीच गेला नाही. जन्मभर लोकांच्या मुलांना फ्रेंच, चित्रकला आणि पियानो शिकवून त्यानं घर चालवलं. आधी आखेनच्या परिसरात खासगी शिक्षक होता, नंतर जवळच्याच स्टोलबर्गमध्ये स्थायिक झाला. फुलपाखरं जमवणारे लोक त्याला लहान वयात भेटले होते आणि तो नादही लागला होता. पण फुलपाखरांकडे सगळेच बघत होते. माश्यांकडे कोण बघणार? त्यानं नेमक्या माश्या धरल्या.

आता त्या वेळची परिस्थिती समजून घ्या. स्वीडनच्या लिनियसनं १७५८ मध्ये दोन पंखांच्या सगळ्या कीटकांना मिळून फक्त दहा गण दिले होते. डास एकात, घोडमाशी एकात, आणि जे कुठंच बसत नाही ते सगळं म्युस्का म्हणजे माशी या एका फोल्डरमध्ये. तुमच्या फोनचं डाउनलोड फोल्डर आठवा. अगदी तसंच. घरमाशी, हिरवी माशी, अळ्या खाणारी माशी, सगळ्या त्यात एकत्र पडलेल्या.

लिनियसचा शिष्य फाब्रिसियस त्या काळात कीटकांमधला सगळ्यात मोठा माणूस होता. त्याचं म्हणणं, वर्गीकरण तोंडाच्या भागांवरून करा. कागदावर कल्पना छान आहे. पण दोन-तीन मिलिमीटरच्या माशीचं तोंड बघायचं कसं? ती कापावी लागते, म्हणजे नमुना गेलाच. मायगेनकडे साधं भिंग होतं आणि नमुने मोजके. तो माश्यांची चित्रं काढायचा. चित्र काढणाऱ्याला एक गोष्ट आपोआप दिसते, ती म्हणजे रेषा. पंखावरच्या शिरांची जाळी प्रत्येक गटात वेगळी असते आणि त्या गटात ती बदलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पंख सपाट असतो, काचेसारखा आरपार दिसतो आणि माशी मेल्यावरही वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणजे हे बोटाचे ठसेच झाले! नुसत्या शिरांवरही तो थांबला नाही. डोक्यावरच्या ॲन्टेनाचा आकार कसा आहे, त्यावरचा बारीक केस पिसासारखा आहे की नुसता, हेही तो सोबत बघायचा. एकाच खुणेवर विसंबायचं नाही, अनेक खुणा एकत्र जुळवायच्या. आपण पासवर्डसोबत ओटीपी मागतो तेही याच कारणासाठी.

मला इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपमागे शेवटी हीच कल्पना आहे. ॲपला शिकवलं जातं ते माणसांनी आधी नाव लावलेल्या फोटोंवरून. आणि ती माणसं नाव लावतात ते मायगेननं घालून दिलेल्या पद्धतीच्या खुणा बघून. खूण दिसत नसेल तर ॲपही अडतं आणि तज्ज्ञही अडतो. माझ्या फोटोत माशी वरून, थोडी हललेली, पंख मिटलेली. शिरा कुठं दिसणार?

१८०० ची नावं आणि १८०३ ची नावं

आता गोष्टीतला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीरही.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या लढायांत ऱ्हाईनच्या पश्चिमेचा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेला होता, त्यात स्टोलबर्गही आलं. त्यामुळे १८०० मध्ये मायगेनची पहिली छोटी पुस्तिका पॅरिसमध्ये, फ्रेंचमध्ये निघाली. त्यात त्यानं माश्यांच्या गणांना नवीकोरी नावं दिली, थोडक्यात खुणाही दिल्या, पण त्या गणात कोणत्या जाती येतात त्यांची नावं दिली नाहीत. अळ्यांमध्ये वाढणाऱ्या माश्यांना त्यानं नाव दिलं लार्वेव्होरा, म्हणजे अळ्या खाणारी. किती नेमकं नाव! पुस्तिकेकडे जवळपास कुणी पाहिलंच नाही.

तीन वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यानं जर्मनीतल्या एका कीटकशास्त्राच्या मासिकात नवी, सुधारलेली यादी छापली. त्यात बरीचशी नावं त्यानं स्वतःच बदलली. लार्वेव्होराची टॅकिना झाली, म्हणजे ग्रीकमध्ये चपळ. ही यादी मात्र लोकांनी उचलली आणि पुढची शंभर वर्षं जगभर हीच नावं चालली.

मग १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रीड्रिख हेंडेल या माशीतज्ज्ञानं ती विसरलेली १८०० ची पुस्तिका पुन्हा उजेडात आणली. शास्त्रीय नावांचा नियम युजरनेमसारखा असतो. ज्यानं आधी नोंदवलं, ते नाव चालतं. म्हणजे १८०३ ची सगळी नावं रद्द आणि १८०० ची परत आणा? काहींनी आणलीच. काही म्हणाले, हा वेडेपणा आहे. दोन तट पडले. पन्नास वर्षं एकाच कुळाला काही पुस्तकांत टॅकिनिडी तर काहींत लार्वेव्होरिडी म्हटलं जात होतं. विचार करा, पिकावरच्या किडीसाठी परोपजीवी माशी शोधणारा माणूस एका नावानं शोधतोय आणि अर्धी माहिती दुसऱ्या नावाखाली पडलेली. शेवटी प्राण्यांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९६३ मध्ये निर्णय दिला. १८०० ची ती पुस्तिका नावांसाठी बाद.

म्हणजे मायगेनची पहिली नावं मायगेनच्याच दुसऱ्या नावांनी हरवली. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं वाचताना लार्वेव्होरिडी हा शब्द दिसला तर दचकू नका, ते टॅकिनिडीच आहे. शोधताना दोन्ही नावं टाका, मी पहिल्या वेळी टाकली नव्हती.

सात खंड

१८१८ मध्ये युरोपातल्या दोन पंखांच्या कीटकांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड आला आणि सातवा आला १८३८ मध्ये. पहिला आला तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता, शेवटचा आला तेव्हा चौऱ्याहत्तर. दिवसा शिकवण्या, उरलेल्या वेळात माश्या, असं वीस वर्षं चाललं. एकट्याला हे जमलं नसतं. हॅम्बुर्गचा व्यापारी विंथेम आणि कीलचा वैद्यकाचा प्राध्यापक वीडेमान यांनी त्याला मदत केली. कामाची वाटणीही झाली. युरोपातल्या माश्या मायगेनच्या, युरोपाबाहेरच्या वीडेमानच्या.

या खंडांतली नावं बघितली तर तुम्ही म्हणाल, अरे, ही तर मला माहितीयेत! डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचं एडिस आणि मलेरियाच्या डासाचं ॲनोफिलीस, ही दोन्ही नावं मायगेनची, साल १८१८. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधत होता, तेव्हा हातातल्या डासाचं नावच त्याला ठाऊक नव्हतं. तो आपला ठिपकेदार पंखांचा डास म्हणून ओळखत होता. नंतर कळलं की ते ॲनोफिलीस. खूण पंखावरचीच होती, बघा. जीवशास्त्राच्या पुस्तकातली ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, केळ्याभोवती घोंगावणारी ती बारीक माशी, तिचं वर्णनही त्याचंच, १८३० सालचं.

पण मला जास्त आवडली ती हिरव्या माशीची जोडी. चकचकीत हिरवी माशी तुम्ही कचराकुंडीवर बघता. ल्युसिलिया सेरिकाटा मायगेननं १८२६ मध्ये नोंदवली, आणि तिच्यासारखीच ल्युसिलिया क्युप्रिना वीडेमाननं १८३० मध्ये. दोन मित्र, दोन सख्ख्या बहिणी. आज सेरिकाटाच्या निर्जंतुक अळ्या न भरणाऱ्या जखमेवर सोडतात. त्या मेलेलं मांस खाऊन जखम साफ करतात. अमेरिकेत २००४ मध्ये या उपचाराला सरकारी परवानगीही मिळाली. हीच माशी ब्रिटनमध्ये मेंढीच्या ओल्या, घाण लोकरीत अंडी घालते, आणि अळ्या जिवंत मेंढीची कातडी खातात. ऑस्ट्रेलियात ते काम मुख्यतः क्युप्रिना करते. कुठल्या देशात कुठल्या माशीविरुद्ध सापळे आणि औषधं लावायची, हे आधी दोघी वेगळ्या ओळखता आल्या तरच ठरतं. फरक केवढासा? पुढच्या पायाची मांडी सेरिकाटात निळसर काळी असते, क्युप्रिनात चकाकणारी हिरवी. डोक्याच्या मागचे बारीक केस मोजायचे ते त्यानंतर. वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

मायगेनच्या हातात पैसा कधी टिकला नाही. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यानं जमवलेल्या माश्या आणि हातानं रंगवलेली चित्रं पॅरिसच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाकडे गेली. ज्यानं जन्मभर फ्रेंच शिकवून माश्या पोसल्या, त्याच्या माश्या शेवटी फ्रेंचांकडेच. हे मी लिहितोय खरं, पण त्याच्यासाठी ते सोपं नसणार. १८४५ मध्ये बॉन विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला. त्याच वर्षी ११ जुलैला स्टोलबर्गमध्ये तो गेला. पॅरिसमधली ती रंगीत चित्रं, तीनशेहून जास्त पानं, छापून आली ती थेट १९७५-७६ मध्ये. त्याचे खंड आज स्कॅन होऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत. जर्मन येत नसेल तरी पंखांची चित्रं बघायला भाषा लागत नाही.

मग माशीचा फोटो काढायचा कसा?

माशी जिवंत असेल तर बरणी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ती सुस्त होते, मरत नाही. दीड-दोनशे रुपयांची क्लिपवाली मॅक्रो लेन्स पुरते. पहिला फोटो पंखाचा, मागं पांढरा कागद ठेवून, उजेड पलीकडून येऊ द्या. मधली एक लांब शिरा टोकाजवळ कोपरासारखी वर वळते का बघा. वळली तरी लगेच खूश होऊ नका, घरमाशीतही ती वळते. म्हणून दुसरा फोटो बाजूनं, पंखाच्या मुळाखालचा भाग दिसेल असा. तिथं राठ केसांची उभी रांग असेल तर घरमाशी बाद, पण हिरवी माशी आणि मांसमाशी अजून शिल्लक. तिसरा फोटो जरा मागून आणि खालून. पाठीच्या शेवटी जी त्रिकोणी ढाल असते तिच्या खाली आणखी एक फुगीर उशी दिसली, तर टॅकिनिडी जवळजवळ नक्की. चौथा चेहऱ्याचा, ॲन्टेनासकट. आणि ती कशातून निघाली ते लिहायला विसरू नका. अळी कोणती, झाड कोणतं, तारीख, गाव. मायगेनच्या काळात हे चिठ्ठीवर लिहून टाचणीला लावायचे, आपण फोटोच्या माहितीत टाकायचं.

माझ्या बरणीतली माशी दोन दिवसांत मेली. ती मी काडेपेटीत कापसावर ठेवलीय. पंख एका बाजूला सरकवायला सुई वापरली आणि तीनदा हात थरथरला. तेवीस फोटोंमधले चार बरे आले. ते आयनॅचरलिस्टवर टाकलेत. ओळख अजून कुळावरच अडकलेली आहे, पण आता त्या पानावर शिरेचा वळसा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या बरणीतून मात्र फुलपाखरू आलं. पहाटे साडेपाचला, मी झोपलेलो असताना. फोनचं स्टोरेज तेवढ्यात भरलं होतं, त्यामुळे टाइम-लॅप्समध्ये फक्त फुटलेला कोष आहे.

कढीपत्त्यावर पुन्हा अंडी दिसतायत. या वेळी लेन्स आधीच लावून ठेवलीय, आणि स्टोरेज रिकामं केलंय.